डेनिस रिची : सगळ्या यंत्रांना समजेल अशी भाषा देणारा माणूस



आज ज्या माणसाची ओळख करून देतेय त्याचं काम तुम्ही रोज वापरता. हा लेख ज्या मोबाईलवर वाचताय त्यातही ते आहे. पण नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. मलाही डी.एड. होईपर्यंत ठाऊक नव्हतं. ते कळलं आमच्या शाळेतल्या एका गुरुजींमुळे, म्हणून आधी थोडं त्यांच्याविषयी सांगते.

मी शिरवळला प्राथमिक शिक्षिका आहे. पुण्याहून साताऱ्याकडे येताना नीरा नदीचा पूल ओलांडला की आमचं गाव लागतं. सावित्रीबाईंचं नायगाव आमच्याच खंडाळा तालुक्यात. मी नोकरीला लागले तेव्हा शाळेत एकच संगणक होता आणि तो चालवणारे एकच गुरुजी. त्यांनी पुस्तक वाचून वाचून स्वतःच 'सी' भाषा शिकून घेतली होती. पुस्तक होतं नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी'. त्या भाषेत गुरुजींनी मुलांसाठी पाढ्यांचा एक प्रोग्राम बनवला होता. मुलानं आपलं नाव टाईप करायचं, मग संगणक विचारणार सात आठे किती. उत्तर बरोबर आलं की रोमन अक्षरांत नावासकट शाब्बास म्हणणार. मराठी अक्षरं त्या संगणकावर उमटत नव्हती. पण पोरं रांग लावायची त्यासाठी.

गुरुजी निवृत्त झाले. कोरोनाच्या काळात गेले. शाळेला नवे संगणक आले. गेल्या वर्षी गुरुजींची नात पहिलीत आली. तिला सोडायला आलेल्या काकूंनी सहज विचारलं, ह्यांनी केलेलं ते पाढ्यांचं अजून आहे का शाळेत? मी हो म्हणाले. जुन्या सीडीवर फाईल सापडलीही. पण नव्या संगणकावर ती उघडेना. हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही, एवढाच निरोप येत राहिला. फाईल डोळ्यांसमोर, एक अक्षरही खराब नाही, आणि तरी मुकी.

असं का होतं, हे शोधता शोधता मी डेनिस रिचींपर्यंत पोचले. गुरुजींच्या फाईलचं पुढे काय झालं ते शेवटी सांगते.

थोडक्यात परिचय

पूर्ण नाव : डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची
जन्म : ९ सप्टेंबर १९४१, ब्रॉन्क्सव्हिल, न्यूयॉर्क राज्य, अमेरिका
शिक्षण : हार्वर्ड विद्यापीठ (भौतिकशास्त्र, नंतर उपयोजित गणित)
कार्यस्थळ : बेल लॅब्स, मरे हिल, न्यू जर्सी
मुख्य काम : 'सी' ही संगणक भाषा, केन थॉम्प्सन यांच्यासह 'युनिक्स' ही कार्यप्रणाली
मुख्य सन्मान : ट्युरिंग पुरस्कार (१९८३), अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक (१९९८), जपान प्राइज (२०११)
निधन : ऑक्टोबर २०११, बर्कली हाइट्स, न्यू जर्सी

बालपण आणि शिक्षण

डेनिसचे वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅब्समध्येच शास्त्रज्ञ होते. टेलिफोनचे कॉल जोडणारी स्विचिंगची मंडलं हा त्यांचा विषय. त्या विषयावरच्या एका गाजलेल्या पुस्तकाचे ते सहलेखकही होते. म्हणजे घरात यंत्रांची बोली लहानपणापासून कानावर पडत होती. बालपण न्यू जर्सीत गेलं. १९६३ साली हार्वर्डमधून त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तिथेच शिकत असताना युनिव्हॅक नावाच्या संगणकावरचं एक व्याख्यान त्यांनी ऐकलं आणि मन तिकडे वळलं.

पुढे त्यांनी पीएच.डी.साठी प्रबंध लिहिला. १९६८ साली तो तयार होता. पण नियमाप्रमाणे बांधणी केलेली प्रत ग्रंथालयात जमा करायची असते, ती त्यांनी केलीच नाही. त्यामुळे पदवी मिळाली नाही. हा प्रबंध कितीतरी वर्षं हरवल्यासारखाच होता. त्याची प्रत कॅलिफोर्नियातल्या संगणक संग्रहालयामार्फत लोकांसमोर आली तेव्हा २०२० साल उजाडलं होतं. रिचींना जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती.

पालकहो, यातून पदवी नको असा अर्थ काढू नका बरं का. आपल्याकडे एक प्रत जमा न केल्यानं पोरांची वर्षं वाया जातात, ते आपण बघतोच. पण कागदावर पदवी नसलेल्या या माणसाचं काम पुढे जगभरच्या विद्यापीठांत शिकवलं गेलं, हेही तितकंच खरं.

बेल लॅब्स आणि युनिक्सचा जन्म

१९६७ साली रिची बेल लॅब्समध्ये रुजू झाले. तेव्हा तिथे मल्टिक्स नावाच्या एका प्रचंड प्रकल्पाचं काम चाललं होतं. एका मोठ्या संगणकावर एकाच वेळी पुष्कळ माणसांना काम करता यावं, अशी त्यामागची कल्पना. एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स अशा तिघांचा तो संसार. काम लांबलं, खर्च वाढला आणि १९६९ साली बेल लॅब्सनं त्यातून अंग काढून घेतलं.

केन थॉम्प्सन, रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र चुटपूट लागून राहिली. मोठा संगणक मिळेना. मग थॉम्प्सन यांनी फारशा वापरात नसलेल्या पीडीपी-७ या लहान संगणकावर स्वतःची छोटी कार्यप्रणाली उभी केली. तीच युनिक्स. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचं मुख्याध्यापकांचं ऑफिस समजा. कोणता वर्ग कुठे बसेल, साहित्य कुणाला कधी मिळेल, कोण कुणाच्या मध्ये येणार नाही, हे सगळं तिथून ठरतं.

पुढे त्यांना पीडीपी-११ हा नवा संगणक मिळाला, तोही मजकूर नीट छापून देऊ, या बोलीवर. त्याची स्मृती होती सगळी मिळून २४ किलोबाइट. त्यातले १६ युनिक्सला आणि उरलेले ८ माणसांच्या कामाला. आपण मोबाईलवर सुप्रभातचं एक चित्र पाठवतो ना, ते बहुतेक वेळा याहून मोठं असतं. युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका याच यंत्राच्या काळातली, तिच्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१.

'सी' भाषा कशी आली?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. संगणकाला फक्त अंक कळतात. माणसाला अंकांत लिहिणं जड जातं. म्हणून माणूस शब्द आणि चिन्हं वापरून लिहितो. त्याला म्हणायचं सोर्स, म्हणजे मूळ मजकूर. त्या मजकुराचं यंत्राच्या अंकांत रूपांतर करणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. आणि कंपायलरमधून जी तयार फाईल बाहेर पडते, जी थेट चालवता येते, तिला म्हणतात एक्झिक्युटेबल फाईल.

मी मुलांना हे असं सांगते. पुरणपोळीची कृती म्हणजे सोर्स. आई म्हणजे कंपायलर. ताटात आलेली पोळी म्हणजे एक्झिक्युटेबल. कृती कागदावर असेल तर कुठल्याही गावात, कुठल्याही चुलीवर पोळी होते. पण नुसती पोळी हातात घेऊन तिच्यातून कृती काढणं महाकठीण.

त्या काळी बहुतेक कार्यप्रणाली थेट यंत्राच्या बोलीत लिहीत. ती बोली प्रत्येक यंत्राची वेगळी. यंत्र बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहा. थॉम्प्सन यांनी 'बी' नावाची एक छोटी भाषा बनवली होती. पण तिला अक्षर आणि संख्या यातला फरक कळत नसे, सगळंच एका मापाचं. पीडीपी-११ मध्ये तर एकेक अक्षर वेगळं हाताळता येत होतं. रिचींनी १९७१ पासून 'बी'मध्ये प्रकार आणायला सुरुवात केली. हा अक्षराचा डबा, हा पूर्णांकाचा डबा. भाषा इतकी बदलत गेली की तिला नवं नाव द्यावं लागलं. 'बी'नंतर 'सी'. १९७३ साली युनिक्सचा गाभाच 'सी'मध्ये नव्यानं लिहून काढला गेला.

म्हणजे काय झालं? कार्यप्रणालीची कृती कागदावर आली. आता नवं यंत्र आलं तरी कंपायलर नवा करायचा, कृती तीच.

फाईलचा दाखला

आता गुरुजींची फाईल का उघडली नाही, त्याकडे येऊ. हा भाग थोडा सावकाश वाचा.

शाळेत नवीन मूल आलं की आपण काय बघतो? शाळा सोडल्याचा दाखला. मूल हुशार आहे, बोलकं आहे, ते नंतर. आधी दाखला. त्यावरून कळतं मूल कितवीत बसवायचं. एक्झिक्युटेबल फाईललाही असाच दाखला असतो, अगदी सुरुवातीला. कार्यप्रणाली तो वाचते. ही फाईल माझ्याकडे चालण्याजोगी आहे का, किती जागा लागेल, सूचना कुठे संपतात आणि माहिती कुठे सुरू होते, हे त्यावरून ठरतं. दाखल्यावरचा पहिला अंक ओळखीचा नसेल तर दारातूनच परत.

युनिक्समध्ये या फाईलचं नाव पडलं 'ए डॉट आउट', म्हणजे असेंब्लरमधून बाहेर आलेलं. पीडीपी-७ वर फाईली एकमेकींना जोडणारा प्रोग्रामच नव्हता, म्हणून तयार फाईल नेहमी याच ठरलेल्या नावानं बाहेर पडायची. जोडणारा प्रोग्राम पुढे आला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

तिचा ओळख-अंकही मजेशीर. पहिल्या आवृत्तीत तो होता ०४०५. हे अंक आठच्या पद्धतीतले आहेत. नुसती खूण म्हणून हा अंक निवडलेला नव्हता. पीडीपी-११ च्या बोलीत ती खरीखुरी आज्ञा होती. पुढचा दाखल्याचा भाग ओलांड आणि पलीकडून काम सुरू कर, असा तिचा अर्थ. दाखला १२ बाइटांचा होता, तेवढीच उडी. पुढच्या आवृत्तीत दाखल्यात माहिती वाढली, तो १६ बाइटांचा झाला. उडी लांब हवी, म्हणून अंक झाला ०४०७. पुढे नवी यंत्रं आली, एकच प्रोग्राम अनेकांनी वाटून वापरायची सोय झाली, तसे ०४१० आणि ०४११ हेही अंक आले. पण ०४०७ वाल्या जुन्या ढंगाच्या फाईलींनाही सातव्या आवृत्तीपर्यंत दार उघडं होतं. नवा नियम आला म्हणून जुन्या दाखल्याच्या पोरांना कुणी घरी पाठवलं नाही.

भाषेतही असे बदल झाले. सुरुवातीला एखाद्या संख्येत भर घालायची तर बरोबरचं चिन्ह आधी आणि अधिकचं नंतर लिहीत. वजाबाकीचंही तसंच. त्यामुळे घोटाळा व्हायचा. बरोबर, वजा, दहा असं एकापुढे एक लिहिलं, तर त्यातून दहा वजा करायचे की किंमत उणे दहा ठेवायची? म्हणून पुढे चिन्हांची जागा उलटवली. आता जुना मजकूर नव्या कंपायलरला दिला तर अर्थच बदलणार! म्हणून काही काळ कंपायलर जुनी रीतही समजून घेत आणि सोबत इशारा देत. आपल्या मुलांचा वजाबाकीत चिन्हांचा घोळ होतो ना, तसाच मोठ्यांचाही झाला होता. कुणावर न चिडता तो निस्तरला गेला, हे मला फार आवडलं.

परक्या यंत्रावरची परीक्षा

एवढं सगळं झालं ते एकाच घराण्याच्या यंत्रावर. खरी कसोटी पुढे होती. १९७७-७८ मध्ये रिची आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनी युनिक्स इंटरडेटा ८/३२ या पूर्णपणे वेगळ्या यंत्रावर न्यायचं ठरवलं. पीडीपी-११ सोळा बिटांचं, हे बत्तीस बिटांचं. शिवाय दोन्हींची लिहिण्याची रीत उलटी. एका संख्येचे दोन तुकडे असतील तर एक यंत्र लहान तुकडा आधी ठेवणार, दुसरं मोठा. अक्षरांच्या जोड्या अशा उलटल्या तर 'शिरवळ'चं होईल 'रशिळव'. बसा शोधत गाव!

जॉन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्यावर सहज नेता येईल असा कंपायलर तयार केला. दुसऱ्या यंत्रावर दगा देऊ शकतील अशा जागा शोधणारा, 'लिंट' नावाचा एक तपासनीस प्रोग्रामही त्यांनी लिहिला. काम तडीला गेलं. युनिक्सचा बहुतेक मजकूर जसाच्या तसा, यंत्राला चिकटलेला थोडा भाग तेवढा नवा. कार्यप्रणाली एका यंत्राच्या पदराला बांधलेली नसते, हे या कामानं दाखवून दिलं.

१९७८ सालीच ब्रायन कर्निगन यांच्यासोबत रिचींचं 'सी'वरचं पुस्तक आलं. पुस्तक तसं लहानसंच. शिकणाऱ्यानं पहिला प्रोग्राम कोणता लिहावा, तर जगाला नमस्कार करणारा. ती प्रथा आज जवळजवळ प्रत्येक भाषेच्या पुस्तकात पाळली जाते. आपण पाटीपूजनाला श्री काढायला लावतो, तसंच की हे.

पुढे सगळीकडे कंपायलर निघाले आणि प्रत्येकाची बोली थोडी थोडी वेगळी व्हायला लागली. १९८३ मध्ये अमेरिकेत प्रमाण भाषा ठरवायला समिती बसली, १९८९ मध्ये प्रमाण 'सी' जाहीर झाली. समितीनं मध्येच एक नवा शब्द भाषेत घुसवायचं ठरवलं होतं. रिची एरवी फारसे वाद न घालणारे. पण हा शब्द भाषेला घातक आहे असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी कारणं देऊन लेखी विरोध केला. तो शब्द वगळण्यात आला. आपण केलेली वस्तू दुसऱ्यांच्या हाती सोपवायची, पण ती मोडत असेल तर गप्प बसायचं नाही. शिक्षकांनी घ्यावा असाच हा धडा.

दाखला बदलला, नाव राहिलं

फाईलच्या दाखल्याचं काय झालं? 'ए डॉट आउट'चा साधा दाखला पुढे अपुरा पडू लागला. एटी अँड टीच्या सिस्टिम-पाच युनिक्समध्ये 'कॉफ' नावाचा दाखला आला. मग १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याच सिस्टिमच्या चौथ्या आवृत्तीसोबत 'एल्फ' आला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेली लिनक्स ही सुरुवातीला 'ए डॉट आउट'च वापरायची. १९९५ च्या सुमारास तीही 'एल्फ'कडे वळली. तरी जुन्या फाईली वाचायची सोय तिनं कितीतरी वर्षं सांभाळली. ती शेवटी काढून टाकली २०२२ मध्ये.

अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच असते, आणि तिथल्या यंत्रबोलीतल्या फाईलींचा दाखला 'एल्फ'चाच. आणि गंमत अशी, की आजही लिनक्सवर 'सी'चा प्रोग्राम नाव न देता कंपाईल केला तर तयार होणाऱ्या फाईलचं नाव 'ए डॉट आउट'च येतं. आतला दाखला कधीच बदलला, बाहेरचं नाव पन्नास वर्षांपूर्वीचं. आपल्या गावातल्या एखाद्या चौकाला जुन्या पारावरून नाव पडावं, पार जावा, आणि नाव तसंच राहावं, त्यातला प्रकार.

जपून ठेवलेल्या फिती

रिचींची आणखी एक सवय सांगायची राहिली. जुन्या गोष्टी त्यांनी जपून ठेवल्या. पहिलं पीडीपी-११/२० यंत्र सोडून नव्या यंत्राकडे जाताना त्यावरच्या 'सी' कंपायलरची शेवटची प्रत त्यांनी चुंबकीय फितीवर राखली होती. पुढे १९७२-७३ च्या सुमाराचे असे दोन जुने कंपायलर त्यांनी सगळ्यांसाठी खुले केले. ते बाळबोध आहेत, ओबडधोबड आहेत, याची लाज त्यांना वाटली नाही.

या जपणुकीचा उपयोग २००८ मध्ये झाला. वॉरन टूमी आणि काही हौशी मंडळींनी युनिक्सची पहिली आवृत्ती पुन्हा जिवंत करायचं ठरवलं. गाभ्याचा मूळ मजकूर १९७२ च्या एका छापील प्रतीत मिळाला. त्यांनी तो कागदावरून पुन्हा संगणकात उतरवला, चुका सुधारल्या. पीडीपी-११ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर तो चालू लागला. पण फितींवरच्या फाईलींपैकी काहींचा दाखला होता ०४०५ चा, तर काहींचा पुढच्या आवृत्तीतला ०४०७ चा. जुन्या गाभ्याला नवा अंक ओळखता येईना. मग त्यांनी गाभ्याला तेवढा एक अंक शिकवला, आणि पुढच्या काळातल्या फाईली मागच्या काळातल्या युनिक्सवर धावल्या.

हे वाचलं आणि मी तडक शाळेचं जुनं कपाट उघडलं.

स्वभाव, सन्मान आणि अखेर

रिची अबोल, विनोदी आणि साधे म्हणून ओळखले जात. बेल लॅब्समध्ये त्यांच्या नावाची तीन आद्याक्षरं, डीएमआर, हीच त्यांची ओळख. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना आणि थॉम्प्सन यांना मिळून मिळाला. संगणकशास्त्रात त्याचा मान नोबेलसारखा. पुढे युनिक्सच्या पलीकडे जाणारी 'प्लॅन नाइन' ही प्रणाली त्यांच्याच विभागात घडली. २००७ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांनी लग्न केलं नव्हतं. बर्कली हाइट्सच्या घरी एकटेच राहत, तब्येत ठीक नसे. १२ ऑक्टोबर २०११ रोजी ते घरात मृतावस्थेत आढळले. त्याच्या आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स गेले होते. जगभर त्यांची चर्चा चालू होती. रिचींची बातमी त्या गर्दीत बाजूला पडली. आयफोनच्या आतली प्रणालीसुद्धा युनिक्सच्याच वंशातली. पण दिसते वस्तू, पाया दिसत नाही. त्यांना जाऊन आता एक तप उलटून गेलंय.

गुरुजींच्या फाईलचं काय झालं?

गुरुजींचा प्रोग्राम जुन्या टर्बो सी कंपायलरमधून काढलेला, सोळा बिटांच्या डॉसचा. चौसष्ट बिटांचं विंडोज तसा दाखला वाचतच नाही. जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये तो चालवता आला असता. पण मला तो मुलांच्या रोजच्या संगणकावर हवा होता. त्यासाठी कृतीच पाहिजे होती.

कपाटात गुरुजींच्या टाचणांच्या वह्यांखाली एक फाईल होती. त्यात सुयांच्या प्रिंटरवर छापलेली चार पानं, कडांना भोकं असलेली. पाढ्यांचा सोर्स! समासात गुरुजींच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, कुठल्या ओळीनं काय होतं ते. तीन संध्याकाळी बसून मी तो टाईप केला. पहिल्या वेळी नव्या कंपायलरनं चुकांची यादीच दिली. पडदा पुसायची आज्ञा टर्बो सीची खास, ती नव्याला माहीत नाही. कोणताही अंक उचलायची रीत वेगळी. ते तेवढं बदललं. गुणाकाराचा, गुण मोजण्याचा, शाब्बास म्हणण्याचा भाग मात्र जसाच्या तसा. त्यातल्या एकाही ओळीला मला हात लावावा लागला नाही.

गुरुजींच्या नातीनं नाव टाईप केलं. तिला अजून दोनचाच पाढा येतो, म्हणून मी तेवढाच ठेवला होता. उत्तर बरोबर आलं, आजोबांनी लिहिलेली ओळ पडद्यावर आली. काकू मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता पदर डोळ्याला लावला.

वर्गात काय घेता येईल?

१. ठिपक्यांची रांगोळी : एका गटानं रांगोळी शब्दांत लिहायची (किती ठिपके, कुठून कुठे रेघ). दुसऱ्या गटानं ती वेगळ्या मापाच्या चौकटीच्या कागदावर काढायची. कृती आणि तयार वस्तू यांतला फरक मुलांना लगेच कळतो.

२. जोडी उलटा : प्रत्येकानं आपल्या गावाच्या नावातली अक्षरं जोडीजोडीनं उलटवायची, शेजाऱ्यानं मूळ नाव ओळखायचं.

३. माझा दाखला : वस्तूंच्या डब्यांवर मुलांनी खुणेचे अंक लावायचे. डबा न उघडता अंकावरून आत काय ते सांगायचं. मग एका गटानं अंक बदलायचे, आणि गोंधळ होऊ नये म्हणून काय करावं यावर चर्चा.

जाता जाता

शिक्षक मित्रांनो, तुम्हीही कितीतरी काही करून ठेवलं असेल. स्वाध्याय, प्रश्नपत्रिका, खेळ, मुलांच्या आवाजातल्या कविता. तयार फाईल ठेवताच, तशी तिची कृतीही ठेवा. एक प्रत कागदावर ठेवा. काय, कशासाठी केलं ते दोन ओळींत समासात लिहा. आपल्यामागून येणाऱ्या बाईंना किंवा सरांना ते वाचता आलं पाहिजे.

आणि पालकहो, आमच्या वर्गात दर वर्षी वेगळा दाखला घेऊन, वेगळी बोली घेऊन मुलं येतात. कुणाचे वडील एमआयडीसीत लागलेले, कुणाचे रस्त्याच्या कामावर. मूल वर्गात गप्प बसलं म्हणजे ते ढ असतं असं नाही. त्याचा दाखला वाचणारं अजून कुणी भेटलेलं नसतं, एवढंच. त्यांनी गाभ्याला एक अंक शिकवला, तशी आपणही त्याच्या बोलीतली चार वाक्यं शिकून घ्यायला काय हरकत आहे? मी यंदा सुरुवात केलीय. तुम्ही काय करताय, जरूर कळवा.